लॅबची किल्ली आधी, क्लासची फी मग

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही कराडला राहतो. माझी मुलगी सातवीत आहे. बंद पडलेला रिमोट, टॉर्च, मिक्सर, काहीही हाती लागलं की ती उघडून बसते. गेल्या महिन्यात आमच्या भागात रोबोटिक्सचा क्लास सुरू झाला. वर्षाची फी 28,000 रुपये, किटचे पैसे वेगळे. डेमोला गेलो होतो. चौघांचा गट केला, तीन मुलगे आणि ही. रोबोट मुलांनी जोडला, हिला तक्ता रंगवायला आणि शेवटी माहिती सांगायला दिली. सर म्हणाले, "बोलते छान हो ही." घरी येताना ती गप्प होती, तरी क्लासला जायचंच म्हणते. वर्षाअखेरीस आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं सर्टिफिकेट मिळेल, पुढे इंजिनिअरिंगला उपयोग होईल, असं क्लासवाले सांगतात. तिच्या शाळेत अटल लॅब आहे, पण ती पाहुणे आले तरच उघडते. सासरे म्हणतात, आधी स्कॉलरशिपचा अभ्यास, हे सगळं दहावीनंतर. मी कॉमर्सची, मिस्टरांचं दुकान आहे. आम्हा दोघांना यातलं काही कळत नाही. पैसे घालावेत का? चांगला क्लास ओळखायचा कसा?
— एक आई, कराड

उत्तर

ताई, नमस्कार.

फी आत्ता भरू नका आणि मुलीला थांबवूही नका. दिवाळीपर्यंतचा वेळ घ्या. तेवढ्यात शाळेतली लॅब उघडायला लावायची आणि घरी दीड-दोन हजारांत तिला तिचं स्वतःचं सामान घेऊन द्यायचं. क्लासचा विचार त्यानंतर, तोही अटी घालून.

पण सगळ्यात आधी त्या तक्त्याबद्दल बोलू. तुमच्या पत्रातली तीच गोष्ट मला सर्वांत जास्त लागली.

शाळांमधल्या विज्ञान मंडळांत आणि रोबोटिक्सच्या गटांत मी हे वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. पहिल्या पाच मिनिटांत ज्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर जातो, त्याच्याच हातात तो वर्षभर राहतो. यात कुणाच्या मनात वाईट काही नसतं. मुलगे सरसावतात. मुलीचं अक्षर चांगलं असतं, म्हणून वही तिच्याकडे येते, मग तक्ता येतो आणि शेवटी परीक्षकांसमोर बोलणंही येतं. शिक्षक कौतुक करतात आणि ते कौतुक खरंही असतं. पण ज्या यंत्राची एक वायरही आपण जोडलेली नाही, त्याची माहिती आपण घडाघडा सांगतो आहोत, हे त्या मुलीला आतून ठाऊक असतं. तुमची लेक येताना गप्प होती ती बहुधा यामुळेच. तिला एवढंच विचारा, "तुला जोडायला बसायचं होतं ना?" आपल्या आईच्या हे लक्षात आलं, एवढंसुद्धा तिला पुष्कळ आहे.

क्लास असो की शाळेचा क्लब, गटातली कामं दर वेळी फिरली पाहिजेत. आज जिने जोडणी केली ती पुढच्या वेळी प्रोग्राम लिहील, त्यानंतर नोंदी ठेवील, मग चाचणी घेईल. नोंदवही हे दुय्यम काम नाही, पण ते कायम एकाच मुलीच्या वाट्याला येऊ नये. फी भरण्याआधी सरांना हे स्पष्ट विचारा. "मुलं आपापसात ठरवतात," असं उत्तर आलं तर तो क्लास तुमच्या मुलीसाठी नाही. शक्य झालं तर तिची एखादी मैत्रीणही सोबत येऊ दे. गटात एकटी मुलगी असली की ती कडेला सरकते. दोघी असल्या की टेबलाशी जागा धरून बसतात.

आता यातून मिळतं काय, ते सांगतो. "आम्हाला यातलं कळत नाही," असं तुम्ही लिहिलंत, पण हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

सातवीतली मुलं बहुतेक ठिकाणी सुरुवातीला रेषेवरून चालणारी गाडी करतात. पांढऱ्या कागदावर काळी चिकटपट्टी लावायची आणि गाडीने तिच्या मागे जायचं. गाडीच्या पोटाशी दोन छोटे सेन्सर असतात. ते डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण खाली सोडतात. पांढरा कागद ते परत पाठवतो, काळी पट्टी शोषून घेते. डाव्या सेन्सरखाली काळं आलं की डावीकडे वळायचं, उजव्याखाली आलं की उजवीकडे. सांगायला एवढंच आहे. पण गाडी टेबलावर ठेवली की पहिल्याच वळणावर रेषा सोडून खाली पडते.

खरा क्लब इथून सुरू होतो. वेग कमी करून पाहायचा. तरी जमलं नाही, तर सेन्सरमधलं अंतर बदलायचं. मग सरळ रेषेवर ती लटपटायला लागते. सकाळी चाललेली गाडी दुपारी वेड्यासारखी फिरते आणि तासभर डोकं खाजवल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की खिडकीतून ऊन आलंय आणि उन्हातही अवरक्त किरण असतात. पडदा ओढला की गाडी पुन्हा शहाणी होते. कधी मोटर सुरू होताच बोर्ड, म्हणजे प्रोग्राम चालवणारी छोटी सर्किटची पट्टी, बंद पडून पुन्हा चालू होतो, कारण मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते आणि सेल उतरलेले असतात. प्रोग्राम शंभर वेळा तपासला तरी हा दोष सापडत नाही, कारण तो प्रोग्राममध्ये नसतोच. चूक वायरीत आहे, सेलमध्ये आहे, चाकात आहे की आपल्या विचारात आहे, हे एकेक शक्यता बाद करत शोधायचं असतं. ही सवय लागायला सहावी ते आठवीचं वय फार चांगलं. हात पुरेसे स्थिर झालेले असतात आणि चारचौघांत चुकण्याची लाज अजून बसलेली नसते.

म्हणून क्लास पाहताना डेमो पाहू नका. डेमोतला रोबोट चालणारच. सत्राच्या मधला एखादा साधा तास मागे बसून पाहायची परवानगी मागा. गाडी अडली की सर काय करतात, एवढंच बघा. सर येऊन स्वतः दुरुस्त करून जात असतील, तर मुलांच्या हाती काही लागत नाही. "काय काय तपासलंस?" असं विचारून सर बाजूला उभे राहत असतील, तर तो शिक्षक चांगला आहे, मग क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरत असला तरी चालेल. एका किटवर किती मुलं आहेत ते मोजा. दोन-तीन ठीक आहेत. पाच-सहा असतील तर निम्मी नुसती बघत असतात. छापील पानावरचा प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून घेत असतील, तर तेही लक्षात ठेवा. ठिपके आधीच जोडून दिलेली रांगोळी भरायला देण्यासारखं ते आहे. महिनाभर क्लासला गेलेल्या एखाद्या मुलाला विचारा, "यात तू स्वतःहून काय बदललंस?" उत्तर त्याच्या चेहऱ्यावरच दिसेल.

सर्टिफिकेटचं सरळ सांगतो. आपल्याकडे इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटी आणि जेईईच्या गुणांवर होतात. सातवीत मिळालेलं रोबोटिक्सचं प्रमाणपत्र तिथे कुणी मागत नाही. त्यासाठी पैसे भरू नका. चांगल्या स्पर्धा मात्र जरूर आहेत. फर्स्ट लेगो लीग साधारण 9 ते 16 वयाच्या मुलांसाठी असते. त्यात रोबोटचा खेळ अडीच मिनिटांचा असतो, पण परीक्षक मुलांना बसवून घेऊन रोबोट असाच का केला हे विचारतात, एका खऱ्या प्रश्नावर शोधलेला उपाय पाहतात आणि गट एकमेकांशी कसा वागतो त्यालाही गुण देतात. काम मुलांनीच केलेलं असावं, मोठ्यांनी नाही, हा तिथला पाया आहे. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड 2004 पासून होतं, त्यातही भारतातले संघ जातात. क्लासवाल्यांना स्पर्धेचं नाव विचारा, तिचे नियम कुठे वाचायला मिळतील ते विचारा आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकालाच पदक मिळतं का, हेही विचारा. नियमच दाखवता येत नसतील तर त्या "आंतरराष्ट्रीय"ला अर्थ नाही.

आता लॅबकडे येऊ. माझ्या मते तुमची खरी संधी तिथेच आहे.

अटल टिंकरिंग लॅब ही नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची योजना, 2016 मध्ये सुरू झाली. सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू कराव्यात यासाठी निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यातले 10 लाख लॅब उभी करायला आणि 10 लाख पुढची काही वर्षं ती चालवायला. म्हणजे थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मोटरी, बोर्ड, सोल्डरिंगचं म्हणजे धातू वितळवून वायरी जोडायचं सामान हे सगळं तुमच्या मुलीच्या शाळेत आलेलं असणार आणि ते तिच्यासाठीच आहे. 28,000 रुपये देऊन बाहेर जे मिळवायला निघालात, त्यातलं बरंचसं तिच्या वर्गापासून काही पावलांवर कुलपात आहे. 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पुढच्या पाच वर्षांत अशा 50,000 लॅब करण्याची घोषणा झाली. त्या सगळ्या उघड्या राहाव्यात असं वाटत असेल, तर आधी आहेत त्या उघडाव्या लागतील.

लॅब बंद का राहते, हे समजून घेतलंत तर मुख्याध्यापकांशी बोलणं सोपं जाईल. बहुतेक ठिकाणी कारण आळस नसतं. लॅबचा चार्ज ज्या शिक्षकांकडे असतो, त्यांच्याकडे विज्ञानाचे पूर्ण तास असतात, शिवाय निवडणुकीची, सर्वेक्षणाची, पोर्टलवर माहिती भरण्याची कामं असतात. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, चढलेल्या असतात. एखादा बोर्ड जळला, सेन्सर हरवला तर तपासणीत उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. असा माणूस किल्ली खिशात ठेवणारच. त्याला दोष देऊ नका, त्याची भीती कमी करा.

पालक-शिक्षक संघातल्या आणखी दोन-चार पालकांना बरोबर घ्या आणि लेखी अर्ज द्या. त्यात तक्रारीचा सूर नको. ठरलेला एक वार मागा. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावर दीड-दोन तास लॅब उघडी राहावी, एवढंच मागा. त्या वेळेत एक पालक आळीपाळीने थांबेल, हे तुम्ही होऊन लिहून द्या. तो पालक कॉमर्सचा असला तरी चालतो. त्याने शिकवायचं नसतं, सामान मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं असतं. तुम्ही दुकान चालवणारे लोक, स्टॉक ठेवणं तुमच्याइतकं कुणाला जमणार! सेल, वायर, एलईडी, साधे सेन्सर या वापरून संपणाऱ्या वस्तूंची नोंद वेगळी ठेवावी आणि त्या जळणार, तुटणार हे आधीच मान्य असावं, असंही त्यात सुचवा.

शिकवायला कोण, हा पुढचा प्रश्न. तुम्ही कराडमध्ये आहात! 1960 पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तुमच्या गावात आहे. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकणारी, स्वतः रोबोट करणारी मुलं-मुली भेटतील. मुख्याध्यापकांच्या पत्रावर तिथल्या विभागप्रमुखांना विचारलं, तर महिन्यातून दोन शनिवार कुणी ना कुणी येईल. त्यांत एखादी मुलगी असावी असा आग्रह धरा. तुमच्या लेकीने सोल्डरिंग करणारी ताई पाहणं फार गरजेचं आहे. शिवाय अशा लॅबसाठी अटल इनोव्हेशन मिशनचे स्वयंसेवी मार्गदर्शकही असतात. तशी मागणी शाळा करू शकते.

मुख्याध्यापक "वेळापत्रकात बसत नाही" म्हणाले, तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची आठवण करून द्या. सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना 10 दिवस हाताने काम शिकण्यासाठी द्यावेत असं त्यात म्हटलं आहे. आणि हे काही दिल्लीहून आलेलं नवं खूळ नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्री. श्री. कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर की मूल काम करता करता शिकतं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने आपल्या संस्थेबाहेर फॅब लॅब, म्हणजे कुणालाही वस्तू करून पाहता येतील अशा कार्यशाळा, उभ्या करायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्यांत पाबळचं नाव होतं, 2002 मध्ये. पाबळ काही मोठं शहर नव्हे. कराडला हे जमू नये असं काहीच नाही.

घरच्या सामानाचं सांगतो. आर्डुइनो उनोसारखा साधा बोर्ड, ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता वायरी खोचायची भोकांची पट्टी), जोडायच्या वायरी, दोन पिवळ्या गिअरच्या मोटरी आणि चाकं, मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमाने मोटरीला वीज देणारा भाग), दोन अवरक्त सेन्सर, अंतर मोजणारा एक अल्ट्रासॉनिक सेन्सर. मूळ कंपनीचा बोर्ड महाग पडतो, त्याच नमुन्यावरचे स्वस्त बोर्ड शिकायला चालतात. कुणी पुण्याला जाणार असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत यातलं सगळं सुटं मिळतं, नाहीतर ऑनलाइन. बंद डब्यातलं तयार किट घेण्यापेक्षा सुटं सामान घ्या, म्हणजे एक वस्तू जळली तर तेवढीच आणता येते. आणि ती जळणार, हे आधीच धरून चाला. जळली तर रागावू नका, काय झालं ते तिला वहीत लिहायला सांगा. सामान येईपर्यंत टिंकरकॅड या संकेतस्थळावर संगणकाच्या पडद्यावर सर्किट जोडून बघता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची खेळणीही तिला दाखवा. तांब्याची तार, चुंबक, सेल आणि दोन सेफ्टी पिना एवढ्यात फिरणारी मोटर होते. ती एकदा स्वतः केली की पिवळ्या मोटरीच्या आत काय चाललंय ते तिला कळेल.

एक कडक नियम मात्र घाला. ती मिक्सर उघडते असं तुम्ही लिहिलंय. प्लगची कुठलीही वस्तू उघडायची असेल, तर प्लग काढून हातात धरून आधी मोठ्या माणसाला दाखवायचा. मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर आणि जुना डबा टीव्ही यांना हात लावायचा नाही. यांच्या आत प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका विजेचा साठा राहू शकतो. मोबाइलची बॅटरी उघडायची नाही, टोचायची नाही. रोबोटला सुरुवातीला साधे पेन्सिल सेल वापरा. लिथियमचे सेल शॉर्ट झाले तर पेट घेतात, ते मार्गदर्शक समोर असतानाच.

राहिले आजोबा. त्यांची काळजी खोटी नाही. शिष्यवृत्तीचा अभ्यास आणि हे दोन्ही चालू शकतं, पण त्याला मर्यादा हवी. शनिवारचे दोन तास आणि रविवारची सकाळ, एवढंच. परीक्षेच्या आधी महिनाभर सामान डब्यात. रोबोटिक्समुळे मार्क वाढतील असं मात्र त्यांना सांगू नका, तसं ठामपणे म्हणता येत नाही आणि ते वचन पुढे मुलीच्याच गळ्यात पडेल. त्यांना गणित दाखवा. अल्ट्रासॉनिक सेन्सर भिंतीकडे आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. भिंत एक मीटरवर असली तर जाऊन-येऊन सुमारे 6 मिलिसेकंद लागतात. वेग गुणिले वेळ, भागिले दोन. दोनने का भागायचं, हे तिला आजोबांना समजावून सांगू दे. शिवाय केंद्र सरकारची इन्स्पायर मानक योजना आहे. सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळेमार्फत ऑनलाइन जातात आणि निवड झाली तर नमुना तयार करायला 10,000 रुपये मिळतात. शाळेने यंदा नावं पाठवली का, ते लॅबच्या अर्जासोबतच विचारून घ्या.

दहावीनंतर हे करू, याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षं प्रवेश परीक्षांत जातात. मग मुलं थेट इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये उभी राहतात आणि कित्येकांच्या हाती पान्हा आयुष्यात पहिल्यांदा येतो. आवड आज आहे, तर हात आज चालू द्या.

दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू झालं की पुन्हा बघा. शनिवारची लॅब चालू झाली असेल तर क्लासची गरज उरणार नाही, ते पैसे बाजूला ठेवा. खटपट करूनही शाळा हलली नाही आणि तो क्लास वरच्या कसोट्यांना उतरला, तर घाला तिला. पण वर्षाची फी एकदम देऊ नका, तीन महिन्यांची द्या. आणि तीन महिन्यांनी तिने एकटीने, कोरा बोर्ड हातात घेऊन, कुणालाही न विचारता काय करून दाखवलं ते पाहून पुढची भरा.